चौदा नंबरचा दात

"हनुवटी इथे टेक. आणि हे दातांत धर."

आसावरीने प्लास्टिकची काडी रुचाच्या पुढच्या दातांत सरकवली, शिशाचा जड एप्रन तिच्या खांद्यांवर नीट बसवला आणि तिच्या केसांतली क्लिप काढून स्वतःच्या खिशात टाकली. कानातले रुचाने आधीच काढून ठेवले होते. एप्रनची आता गरज नसते असं अलीकडे सांगतात, पण आसावरी तो घालतेच. लेकीला तर घालणारच होती.

"हलायचं नाही. गिळायचंही नाही."

ती भिंतीमागे गेली आणि बटण दाबून धरलं. यंत्राचा हात गुणगुणत रुचाच्या डोक्याभोवती फिरायला लागला. छोट्या काचेतून तिला लेकीची पाठ दिसत होती, आणि एप्रनखालून बाहेर आलेले बूट. एकोणीस वर्षांत असे हजारो फोटो तिने काढले होते आणि एकदाही सेकंद मोजले नव्हते. आज मोजले. अठरा भरले.

पडद्यावर जबडा उलगडला. या कानापासून त्या कानापर्यंत, अक्कलदाढा धरून बत्तीसच्या बत्तीस. वरच्या डाव्या बाजूला, पहिल्या मोठ्या दाढेत एक पांढराशुभ्र ठिपका होता. चांदीचं फिलिंग, म्हणजे अमाल्गम, एक्सरेत असं पांढरं दिसतं.

"कसा आलाय?" रुचाने आतूनच विचारलं.

"चांगला आलाय. तू हलली नाहीस."

शनिवार होता, दुपारचा एक वाजून गेला होता. अमेरिकेतल्या पार्सिपनी गावातलं डॉक्टर कुमार देवस्थळींचं क्लिनिक शनिवारी एकला बंद होतं. गोऱ्या पेशंटांना देवस्थळी म्हणता येत नाही, म्हणून ते सगळ्यांचे 'डॉक्टर डी'. मराठी मंडळींचे ते कुमारकाका आणि आसावरीचे सर. पुढच्या टेबलावरची मुलगी घरी गेली होती. रुचासाठी म्हणून सर थांबले होते आणि आतल्या खोलीत डबा उघडून बसले होते.

रुचाला डेंटिस्ट्रीला प्रवेश मिळाला, त्याला आता दोन महिने होत आले. कॉलेज फिलाडेल्फियाचं, आणि फी ऐकून माणसाचे दात आपसूकच पडावेत अशी. केदारची नोकरी दीड वर्षात दोनदा गेली होती आणि तिसरी नुकती लागली होती. तरी नवरा-बायकोने घरावर कर्ज काढायचं ठरवलं होतं. कागदही आणून ठेवले होते. मग एका रविवारी सकाळी, पोह्यांची बशी पुढ्यात असताना रुचाने सांगितलं की कागद परत करा, माझी सोय झालीये. इंडियन ग्रोसरीच्या ओळीतच शेवटी जे भरतीचं ऑफिस आहे, तिथे ती तीनदा जाऊन आली होती. चार वर्षांची फी आर्मी भरणार, पुस्तकं आणि राहण्याचा खर्चही देणार. बदल्यात पास झाल्यावर चार वर्षं आर्मीची डेंटिस्ट व्हायचं, पाठवतील तिथे.

"युद्धावर नाही गं आई. क्लिनिकमध्येच असेन. मी दात काढणार, गोळ्या नाही झाडणार."

केदार उठून चहा गरम करायला गेला. तेव्हापासून मंडळात, नागपूरच्या फोनवर, शेजारच्या सुवर्णाकाकूंना, सगळीकडे तो "रुचाला फुल स्कॉलरशिप मिळाली" एवढंच सांगतो. कोणाची ते सांगत नाही. लोक पेढे मागतात आणि तो देतोही.

आसावरीने मात्र एक प्रश्न विचारला होता. असं न विचारता, न सांगता का केलंस?

रुचाने बशीतले शेंगदाणे बाजूला सारले होते. लहानपणापासून सारते. "मला तुझ्यासारखं 'नंतर बघू' म्हणायचं नव्हतं," ती म्हणाली होती. आणि लगेच, "सॉरी. तसं नव्हतं म्हणायचं मला."

पण म्हणायचं तसंच होतं, आणि खरंही होतं. आसावरी नागपूरहून आली तेव्हा नावामागे डॉक्टर होतं, हातात साडेतीन वर्षांची प्रॅक्टिस होती. इथे नवऱ्याच्या व्हिसावर काम करायला मनाई. पुढे परवानगी आली तेव्हा कळलं की तिकडची डिग्री इथे चालत नाही, पुन्हा दोन वर्षं कॉलेज करावं लागतं. त्याची फीही अशीच. रुचा जरा मोठी झाली की बघू, मग घर झालं की बघू, असं करता करता ती कुमार सरांकडे मदतनीस म्हणून लागली. नळी धरायची, साहित्य मिसळायचं, सर बोलतील ते नंबर लिहायचे. आपलेच दात नि आपलेच ओठ, तक्रार करणार कोणाकडे?

त्या रविवारपासून तिला काही वाटेनासं झालं होतं. राग आला असता तर बरं झालं असतं. रडू तर त्याहून बरं. इंजेक्शन दिलेल्या ओठाला चहाचा कप लागतो, पण चहा गरम आहे की गार ते कळत नाही, तसं तिचं चाललं होतं. लोक अभिनंदन करत, ती थँक्यू म्हणे. भाजीत मीठ दोनदा पडे. शपथेचा दिवस येत्या मंगळवारी होता. त्या दिवशी रुचाच्या खांद्यावर अधिकाऱ्याची सोनेरी पट्टी घरच्यांपैकी कोणी लावायची असते म्हणे. केदार म्हणाला, आई लावेल. आसावरी बरं म्हणाली.

त्याआधी हा शेवटचा कागद द्यायचा होता, दातांचा. दोन पानी फॉर्म, सोबत पूर्ण जबड्याचा एक्सरे, खाली डेंटिस्टची सही. सोमवारी सकाळी तो भरतीच्या ऑफिसात पोचायला हवा. त्यात काही चूक निघाली तर परत येणार, आणि तारीख टळली की जागा यादीतल्या पुढच्या मुलाला जाणार. रुचाने हे घरात चार वेळा सांगितलं होतं.

आर्मीला हा एक्सरे कशाला हवा असतो ते आसावरीला कोणी सांगायची गरज नव्हती. नागपूरला कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला एक मास्तर होते. अमरावती रोडवर बस जळाली होती तेव्हा पोलिसांनी त्यांना बोलावून नेलं होतं. परत आल्यावर त्यांनी पुस्तक मिटून ठेवलं आणि एवढंच सांगितलं, "माणसाचं सगळं जातं, दात राहतात. म्हणून पोरांनो, पेशंटचे दात लिहिताना आळस करू नका." वर्गात कोणी हसलं नव्हतं.

सर हात धुऊन आले. रुचा दोन नंबरच्या खोलीत खुर्चीवर आडवी झाली होती. सर उजवीकडच्या स्टुलावर बसले, आसावरी डावीकडच्या. उजवीकडचं बुटकं स्टूल डॉक्टरचं. डावीकडचं उंच, पाय टेकवायला कडं असलेलं, ते मदतनीसाचं. तिच्या मांडीवर फॉर्म होता.

"काय कॅप्टन, घाबरलीस का?"

"कॅप्टन नाही काका, आत्ता फक्त लेफ्टनंट."

"उघड तोंड, लेफ्टनंट."

सर एकोणसत्तर वर्षांचे. आरसा धरलेला हात अलीकडे किंचित थरथरतो, पण नजर पक्की. ते भराभर म्हणत गेले, एकपासून तेरापर्यंत सगळं ठीक, आणि ती लिहीत गेली.

"फोर्टीन. अमाल्गम. एकदम इंटॅक्ट." सर थांबले. "कोणी भरलाय गं हा? हात फार चांगला आहे."

हा प्रश्न ते दर सहा महिन्यांनी विचारत. तेरा वर्षं विचारत होते. दाताचं काम उत्तम दिसलं की सरांना राहवत नाही, आणि विचारलेलं लक्षातही राहत नाही.

"नागपूरला भरलाय," आसावरी म्हणाली. हे उत्तरही तेरा वर्षांचंच होतं.

रुचा नऊ वर्षांची असताना डिसेंबरात नागपूरला तिची दाढ दुखायला लागली होती. आसावरी तिला आपल्या मैत्रिणीच्या, प्रीताच्या दातांच्या दवाखान्यात घेऊन गेली. प्रीताकडे बाहेर दहा जण बसलेले. ती म्हणाली, "तूच भर ना, तुझा हात विसरला का?" विसरला नव्हता. पाऊण तास लागला. दाढेवरच्या खाचा तिने मूळ होत्या तशा कोरल्या, एवढ्याशा पोरीच्या तोंडात कोणी बघणार नाही तरी. त्यानंतर तिने पुन्हा कोणाचा दात भरला नाही. रुचाला आठवते ती प्रीतामावशी आणि तिने नंतर दिलेली संत्र्याची बर्फी. आसावरीने कधी सांगितलं नाही. सांगायचं असं काही कारण पडलं नाही, आणि आता मदतनीसाने हे सांगायचं तरी कोणाला?

"फिफ्टीनपासून थर्टी-टू, ऑल गुड." सरांनी आरसा ठेवला, फॉर्म घेतला, खाली सही ठोकली. वर काय लिहिलंय ते बघितलं नाही. आसावरीने लिहिलेलं त्यांना कधी तपासावं लागत नाही. "घोडं गंगेत न्हालं. मी जरा जेवून घेतो."

रुचा गाडी सावलीतून काढायला गेली. आसावरीने स्वतःजवळ ठेवायला म्हणून फॉर्म कॉपी मशीनवर पालथा घातला, कॉपी उचलली, आणि तिचा हात थांबला.

चौदाच्या जागी तिने सव्वीस लिहिलं होतं.

भारतात तोंडाचे चार भाग करतात आणि प्रत्येक भागात एकपासून आठ मोजतात. दुसऱ्या भागातला सहावा दात म्हणून तो सव्वीस. अमेरिकेत सरळ एकपासून बत्तीस मोजत जातात, तोच दात चौदावा येतो. इथला सव्वीस नंबर खालचा, पुढचा, तांदळाएवढा दात. क्लिनिकमध्ये लागल्यावर पहिल्याच महिन्यात तिने हे घोटून पाठ केलं होतं, आणि एकोणीस वर्षांत एकदाही चुकली नव्हती. तोंडाने नागपूर म्हणाली आणि पेनही नागपूरला गेलं.

तिने सरांच्या खोलीकडे बघितलं. डब्याच्या झाकणाचा आवाज येत होता. दोन मिनिटांचं काम होतं. तिने पाऊल उचललं नाही.

हा कागद असाच गेला तर काय होईल, याचा ती शांतपणे विचार करायला लागली. एक्सरेशी ताडून बघणारा कोणी भेटला तर परत येईल. सोमवार जाईल, मंगळवार जाईल, जागा जाईल. घरावरच्या कर्जाचे कागद अजून कपाटात होते. आणि कोणी ताडून नाही बघितलं तर हा असाच फायलीत राहील. कधीकाळी, कुठेतरी, कोणी अनोळखी माणूस हा कागद हातात घेऊन कोणाचं तरी तोंड उघडेल. खालचा पुढचा दात बघेल. त्यात चांदी नसेल. तो म्हणेल, ही ती नाही.

ही ती नाही. आसावरीने ते मनात दोनदा म्हणून पाहिलं. दीड महिन्यात पहिल्यांदा तिला छातीत काहीतरी हललेलं जाणवलं. तिने फॉर्म पाकिटात घातला, चिकटपट्टी ओढली आणि पाकीट बंद केलं. अंगठ्याने कडेवरून दोनदा दाबलं.

गाडीत रुचाने एसी लावून ठेवला होता. पाकीट मांडीवर घेऊन आसावरी शेजारी बसली, बेल्ट लावला. रुचाने गाडी सुरू केली नाही. समोर रूट सेहेचाळीसवरून ट्रक चालले होते.

"आई, मला माहितीये तो एक्सरे कशासाठी असतो."

आसावरीने मांडीवरच्या पाकिटाची कडा चाचपली.

"मला कोणी सांगितलं नाही. फॉर्म वाचून समजलं." रुचा स्टिअरिंगकडे बघत होती. "दे वेअर गोइंग टू डू इट देअर. तिकडेच, फुकट. ब्रुकलिनला बोलावलं होतं मला. मी म्हटलं नको, माझी आई काढेल."

"का?"

"कारण मग ते तू लिहिलेलं असेल." तिने नाक ओढलं. "आय डोन्ट नो. मला वाटलं, तू लिहिलंस की ते बरोबर असणार."

एसीचा वारा थेट अंगावर येत होता. आसावरीला थंडी वाजली. वाजतेय हे कळलं, त्याचंच तिला नवल वाटलं.

"गाडी बंद कर," ती म्हणाली.

"काय झालं?"

"बंद कर आणि आत चल. लिहिण्यात चूक झालीये."

सर डबा धूत होते. आसावरीने पाकीट फोडून फॉर्म त्यांच्यासमोर धरला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. सरांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला. बघितलं. मग तिच्याकडे बघितलं, जरा जास्त वेळ.

"सव्वीस," ते म्हणाले. "मलाही पहिली दोन वर्षं सव्वीसच यायचं. अगं, एक रेघ मार, वर चौदा लिही, मी शेजारी सही करतो. झालं."

"नाही सर. खाडाखोड नको. नवीन छापते. पुन्हा पहिल्यापासून बघू या."

"पुन्हा? आत्ताच तर—"

"घाईत बघितलं आपण."

असं ती सरांना कधी म्हणाली नव्हती. सरांनी हात पुसले आणि तिच्या मागोमाग दोन नंबरच्या खोलीत आले. रुचा खुर्चीवर आडवी झाली. आसावरीने दिवा ओढला, नवे हातमोजे घातले, आरसा आणि टोकदार सळई घेतली. आणि उजवीकडचं बुटकं स्टूल पायाने ओढून त्यावर बसली.

सर क्षणभर उभे राहिले. मग वळसा घालून डावीकडे गेले, उंच स्टुलावर चढले, कड्यावर पाय टेकवले आणि फॉर्म मांडीवर घेतला.

"सांग," ते म्हणाले.

"एक. ठीक. दोन. ठीक."

ती सावकाश चालली होती. दिव्याच्या उजेडात एकेक दात पुढून, मागून, कडेने बघत होती. तीन नंबरच्या दाढेवरची खाच जरा खोल होती, तीही लिहायला लावली. सरांनी लिहिली.

"आठ. आतल्या कोपऱ्याचा टवका उडालाय. अर्धा मिलिमीटर."

"हे मला दिसलं नव्हतं," सर म्हणाले.

"सात वर्षांची असताना सायकलवरून पडली होती. डांबरावर. लिहा."

"एवढ्यावरून ते काही नापास करत नाहीत गं."

"लिहा सर. काही राहायला नको."

सरांचं पेन थांबलं. त्यांनी फॉर्मवरून नजर उचलून आधी आसावरीकडे पाहिलं, मग खुर्चीवरच्या पोरीकडे. नंतर मान खाली घालून लिहिलं, ठळक, सुवाच्य अक्षरात. त्यांचं अक्षर एरवी कोणाला लागत नाही.

रुचाचे डोळे उघडे होते, दिव्यामुळे पाणावल्यासारखे. तोंड तिने आणखी मोठं उघडलं.

"नऊ. ठीक. दहा, अकरा, ठीक. बारा. तेरा."

आसावरीने आरसा वर फिरवला. ठिपका आता काळपट करडा दिसत होता, कडा दाताशी अजून जुळलेल्या. तेरा वर्षं चावून चावून खाचा जरा गुळगुळीत झाल्या होत्या, पण होत्या. तिने सळईचं टोक त्यांच्यावरून हळूच फिरवलं. कुठे अडकलं नाही.

"चौदा," ती म्हणाली. "अमाल्गम. शाबूत आहे."

सर लिहीत होते. सवयीने, वर न बघता, त्यांनी विचारलं, "कोणी भरलाय गं?"

"मी."

पेन क्षणभर थबकलं आणि पुन्हा चालू लागलं. रुचाला बोलता येत नव्हतं, तोंडात आईची बोटं होती. तिने खुर्चीच्या कडेवरचा हात उचलला आणि आसावरीच्या मनगटावर ठेवला.

"हलू नकोस," आसावरी म्हणाली. "पंधरा."